दुरुस्ती आणि बदल : देखभाल व्यवस्थापनाच्या संगणकप्रणालीतील बदल-विनंतीचे स्वरूप व कार्य

प्रस्तावना

कारखान्यांतील देखभालीचे काम दीर्घकाळ नोंदवह्या, यंत्रनिहाय कार्डे आणि अनुभवी फोरमनची स्मरणशक्ती यांच्या आधारे चालत आले. संगणकाचा प्रसार झाल्यानंतर या तिन्हींची जागा हळूहळू देखभाल व्यवस्थापनाच्या संगणकप्रणालीने घेतली. उद्योगक्षेत्रात ती ‘सीएमएमएस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. यंत्रसामग्रीची यादी, सुट्या भागांचा साठा, नियतकालिक तपासणीचे वेळापत्रक आणि कार्यादेश म्हणजेच वर्क ऑर्डर ही या प्रणालीची प्रमुख अंगे होत. त्यांच्या जोडीला ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणजे बदल-विनंती नावाचे आणखी एक अंग असते. बाह्यतः तो एक साधा अर्ज दिसतो आणि त्यामुळेच तो बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या अर्जाचे प्रयोजन, त्याचा प्रवास आणि त्यातील उणिवा यांचे विवेचन केले आहे.

दुरुस्ती व बदल यांतील भेद

बदल-विनंतीची संकल्पना समजून घेण्यासाठी प्रथम दुरुस्ती आणि बदल यांतील भेद स्पष्ट होणे आवश्यक आहे. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवरील ३ अश्वशक्तीचा पंप जळाला आणि त्याच्या जागी त्याच क्षमतेचा, त्याच प्रकारचा पंप बसविला, तर ती दुरुस्ती होय. बाजारात तो उपलब्ध नाही म्हणून ५ अश्वशक्तीचा बसविला, तर तो बदल होय. दुसऱ्या प्रसंगी विद्युततारेची जाडी, स्टार्टर, संरक्षक स्विच, नळावरील दाब आणि विहिरीची आवक या सर्वांचा पुनर्विचार करावा लागतो. पंप बसविणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने मात्र दोन्ही कामे सारखीच असतात. जुना काढावयाचा आणि नवा बसवावयाचा, एवढेच त्याला दिसते.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने १९९२ साली अतिधोकादायक रसायनांच्या प्रक्रियांसाठी जो नियम लागू केला, त्यात हा भेद कायद्याच्या भाषेत मांडलेला आहे. मूळ आरेखनाच्या निकषांत बसणारा, जशास तसा भाग बसविणे एवढेच त्या नियमाने बदलाच्या प्रक्रियेतून वगळले आहे. अन्य प्रत्येक बदलासाठी त्याचा तांत्रिक आधार, सुरक्षितता व आरोग्यावरील परिणाम, कार्यपद्धतीत करावे लागणारे फेरफार, बदलाचा कालावधी आणि मंजुरीची व्यवस्था या पाच बाबींचा विचार आधी झाला पाहिजे, असे बंधन आहे. आजच्या बहुतेक संगणकप्रणालींतील बदल-विनंतीचे रकाने या पाच बाबींशी जुळतात.

फ्लिक्सबरोची दुर्घटना

या बंधनांची आवश्यकता जगाला पटवून देणाऱ्या घटनांत इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील १९७४ सालच्या स्फोटाचा उल्लेख अग्रक्रमाने केला जातो. लिंकनशायरमधील या कारखान्यात नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम तयार होत असे. त्यासाठी सायक्लोहेक्झेन हे ज्वालाग्राही द्रव्य एकापाठोपाठ एक अशा सहा मोठ्या पात्रांतून नेले जाई. प्रत्येक पात्र आधीच्या पात्रापेक्षा १४ इंच खाली बसविलेले होते. २७ मार्च १९७४ रोजी पाचव्या पात्राला उभी भेग पडल्याचे आढळले. ते पात्र काढून चौथे व सहावे पात्र तात्पुरत्या नळाने जोडावे आणि उत्पादन पुन्हा सुरू करावे, असा निर्णय झाला.

मूळ जोडण्या २८ इंच व्यासाच्या होत्या. हाताशी असलेला नळ २० इंची होता. दोन्ही टोकांची उंची वेगळी असल्याने नळाला मध्ये दुहेरी वाकण द्यावे लागले. दोन्ही बाजूंना घडीदार लवचीक जोड होते आणि खाली बांधकामाच्या परांचीसारखा आधार उभारलेला होता. या रचनेचे एकमेव आरेखन कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढलेले होते. वाकलेल्या नळावर आतील दाबामुळे कोणती बले येतील, याचे गणित मांडले गेले नाही. चाचणी घेण्यात आली, परंतु ती प्रति चौरस सेंटिमीटर ९ किलोग्रॅम दाबापर्यंतच. सुरक्षा झडप मात्र ११ किलोग्रॅमला उघडणारी होती. कारखान्याचे मुख्य अभियंत्याचे पद त्या वर्षाच्या आरंभापासून रिक्त होते. १ एप्रिलला उत्पादन सुरू झाले आणि शनिवार, १ जून १९७४ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास नळ निखळून प्रचंड स्फोट झाला. २८ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १८ जण नियंत्रणकक्षात होते. सुट्टीचा दिवस नसता, तर हा आकडा कितीतरी वाढला असता.

या घटनेची आणखी एक बाजू फारशी सांगितली जात नाही. पाचव्या पात्राला भेग पडली तीही एका अनोंदित बदलामुळेच. पात्राजवळ सायक्लोहेक्झेनची किरकोळ गळती होत होती आणि ती सौम्य करण्यासाठी त्यावर पाणी सोडले जात होते. या पाण्यात नायट्रेट होते आणि त्यामुळे पोलादाला ताण-गंज लागून भेग निर्माण झाली, असे चौकशीत आढळले. गळतीवर पाणी सोडणे हा ‘बदल’ आहे, असे त्या वेळी कोणाच्या मनात आले असण्याची शक्यता कमीच. बदल-विनंतीच्या व्यवस्थेसमोरील सर्वांत कठीण प्रश्न येथेच आहे. जे बदल म्हणून ओळखलेच जात नाही, त्याचा अर्ज कोण भरणार?

विनंतीचा प्रवास

संगणकप्रणालीत बदल-विनंतीची सुरुवात यंत्राच्या सांकेतिक क्रमांकापासून होते. विनंतीकर्त्याने सध्याची स्थिती, प्रस्तावित स्थिती, बदलाचे कारण आणि बदल कायम की तात्पुरता हे नोंदवावयाचे असते. त्यानंतर पहिली छाननी होते. प्रस्तावित काम जशास तसे असेल, तर विनंती परत पाठवून साधा कार्यादेश काढला जातो. तसे नसेल, तर ती पुढे सरकते. याच्या उलट दिशेचा मार्ग अधिक महत्त्वाचा आहे. दुरुस्तीच्या मागणीत बदल दडलेला असेल, तर तो ओळखून कार्यादेश थांबविण्याचा अधिकार छाननी करणाऱ्यास हवा. सॅपसारख्या प्रणालीत देखभालीची मागणी, बिघाडाची सूचना आणि केलेल्या कामाची नोंद यांसाठी वेगवेगळे नमुने असतात. परंतु मागणीतील मजकूर वाचून ‘हा भाग मूळचाच आहे का?’ हा प्रश्न विचारणे हे माणसाचेच काम राहते. त्यातल्या त्यात उपयुक्त ठरणारी खूण साठ्याच्या नोंदीत सापडते. कार्यादेशावर उचललेल्या सुट्या भागाचा क्रमांक यंत्राच्या मान्य यादीत नसेल, तर प्रणालीने तेथेच अडवावे, अशी योजना करता येते.

छाननीनंतर यांत्रिकी, विद्युत, प्रक्रिया आणि सुरक्षा या विभागांचे अभिप्राय मागविले जातात. हा टप्पा वेळ घेतो व म्हणूनच अप्रिय असतो. मंजुरीनंतर विनंतीशी जोडलेला कार्यादेश निघतो, काम होते आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी तपासणी होते. येथे बहुतेकांच्या लेखी विषय संपतो. वस्तुतः विनंती बंद करण्यापूर्वीची कामे येथून सुरू होतात : आराखडे सुधारणे, सुट्या भागांची यादी बदलणे, नियतकालिक तपासणीचे वेळापत्रक नव्याने ठरविणे आणि पाळीतील कामगारांना बदल समजावून सांगणे. ही कामे राहिली, तर संगणकातील कारखाना आणि प्रत्यक्षातील कारखाना वेगळे होऊ लागतात. जुन्या वंगणाचे वेळापत्रक नव्या यंत्रावर चालू राहते. भांडारात निरुपयोगी भागांचा साठा वाढतो. पुढील बदलाचा विचार चुकीच्या आराखड्यावर बेतला जातो. नोंदवही अपुरी असेल तर वाचणारा सावध राहतो. संगणकाच्या पडद्यावरील नीटनेटक्या माहितीवर मात्र तो सहज विश्वास ठेवतो.

तात्पुरते बदल आणि एकत्रित चित्र

तात्पुरत्या बदलांना स्वतंत्र वागणूक हवी, हा फ्लिक्सबरोचा सर्वांत थेट धडा होय. तेथील नळ दोन महिने राहिला. संगणकप्रणालीत तात्पुरत्या बदलाला समाप्तीची तारीख अनिवार्य ठेवता येते आणि ती उलटली की वरिष्ठांकडे सूचना जाते. मुदतवाढ हवी असल्यास ती नव्या अभिप्रायांसह मिळावी. केवळ तारीख पुढे ढकलण्याची सोय ठेवल्यास तात्पुरते हेच कायमचे होते. आणीबाणीत तोंडी परवानगीने काम करावे लागते हेही खरे. मात्र ती नोंद ठरावीक अवधीत प्रणालीत यावी. ‘तातडीचे’ या वर्गातील विनंत्यांचे प्रमाण वाढत असेल, तर नियमित मार्ग फार लांबला आहे, असे समजावयास हरकत नाही.

भोपाळची घटना दुसऱ्या बाजूवर प्रकाश टाकते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटची गळती झाली, तेव्हा साठ्याच्या टाक्या थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जून महिन्यापासून बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. सुटे पाहिले असता नळ काढणे ही दुरुस्ती आणि शीतकरण बंद करणे हा कार्यपद्धतीतील फेरफार. एकत्र पाहिल्यास संरक्षणाचे दोन अडसर एकाच वेळी दूर झालेले दिसतात. म्हणूनच प्रत्येक विनंती अलग तपासणे पुरेसे नाही. त्याच यंत्रसंचावर आज कोणते बदल व कोणत्या दुरुस्त्या खुल्या आहेत, हे अभिप्राय देणाऱ्यास एका दृष्टिक्षेपात दिसले पाहिजे. कागदी व्यवस्थेत हे कठीण होते. संगणकाचा खरा लाभ येथे आहे. भारतात घातक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनी, सुरक्षा अहवालावर लक्षणीय परिणाम करणारा बदल करण्यापूर्वी किमान ९० दिवस सुधारित अहवाल संबंधित प्राधिकरणाकडे पाठविण्याचे बंधन घातले आहे. कारखान्यातील अंतर्गत विनंती शिस्तीने चालत नसेल, तर असा अहवाल केव्हा द्यावयाचा, हेच व्यवस्थापनास उमगणार नाही.

व्यवहारातील उणिवा

प्रणाली बसविली म्हणजे शिस्त आली, असे होत नाही. अनिवार्य रकान्यात एखादे टिंब किंवा ‘योग्य’ एवढाच शब्द भरून पुढे जाता येते. मंजुरी देणारा अधिकारी आठवड्याच्या अखेरीस साचलेल्या विनंत्या एकगठ्ठा मान्य करू शकतो. खर्चाची मर्यादा टाळण्यासाठी एका बदलाचे तीन लहान बदल केले जातात आणि मग एकूण परिणाम कोणीच पाहत नाही. मंजुरीचे अधिकार पदाला जोडलेले असतात; पद रिक्त राहिले की प्रणाली विनंती आपोआप दुसऱ्या कोणाकडे वळविते. त्या व्यक्तीस विषयाचे ज्ञान आहे की नाही, हे संगणकास ठाऊक नसते. फ्लिक्सबरोतील रिक्त पदाची आठवण येथे अपरिहार्यपणे होते.

विनंती नाकारली गेल्यास कारण कळविणे हाही दुर्लक्षित भाग आहे. पाळीतील कामगाराने सुचविलेला बदल महिनोन्‌महिने ‘प्रलंबित’ दिसत राहिला, तर पुढच्या वेळी तो अर्ज भरण्याऐवजी पाना हाती घेतो. व्यवस्थेस बगल देणाऱ्यांवर कारवाई करण्यापेक्षा उत्तरांचा वेग वाढविणे अधिक परिणामकारक ठरते.

लहान संस्थांना यासाठी महागड्या प्रणालीची गरज नाही. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील वायूची जोडणी, धुराड्याचा पंखा, विद्युत भार अथवा उद्वाहन यांतील बदलांसाठी साध्या तक्त्यात आठ रकाने पुरतात : वस्तू, पूर्वी काय होते, आता काय हवे, कारण, कायम की अमुक तारखेपर्यंत, कोणी तपासले, कोणी मान्य केले आणि आराखडा व यादी सुधारल्याची तारीख. यांतील शेवटचा रकाना रिकामा असेपर्यंत नोंद बंद समजू नये आणि रिकाम्या रकान्यांची यादी दर महिन्यास संबंधित विभागप्रमुखापुढे ठेवावी.