बहुकर्तृक संहितेचे राखणदार : मराठी विकिपीडियातील सभासदत्वाचा विचार

अनेक हातांनी घडलेली संहिता पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले तेव्हा तिच्यात पिढ्यानपिढ्यांचे पाठभेद मिसळले होते. त्यांनी पाठ निश्चित केला आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असा इशाराही दिला. संहिता राखण्याचा हा एक मार्ग होय : एक अधिकारी पुरुष, एक शुद्ध पाठ आणि बंद दार. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने याच्या नेमका उलट मार्ग पत्करला. तेथे दार उघडे असते, प्रत्येक बदल लेखाच्या ‘इतिहासा’त जतन होतो आणि अंतिम पाठ असा नसतोच. मग ही संहिता राखते कोण? वेतन नाही, मुखपृष्ठावर नाव नाही. तरीही राखणारा टिकतो तो कशाच्या बळावर? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे.

प्रथम मालकीचा प्रश्न. श्री. व्यं. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मंडळी स्थापून भागभांडवल उभारले आणि तेवीस खंड सिद्धीस नेले. तेथे भागधारक अनेक, पण संपादक एकच होता. मराठी विश्वकोशाचे यजमानपद शासनाकडे आले. विकिपीडियाचे सर्व्हर आणि नाममुद्रा एका विदेशी प्रतिष्ठानाकडे आहेत. परंतु मजकुराचा स्वामित्वहक्क ज्याच्या त्याच्या लेखकाकडे राहतो आणि मुक्त परवान्यामुळे त्याचा वापर, पुनर्लेखन व पुनर्मुद्रण सर्वांना खुले असते. म्हणजे येथील सामूहिक मालकी ही वस्तूची मालकी नव्हे. ती हाताळण्याच्या आणि प्रसंगी प्रत घेऊन निघून जाण्याच्या अधिकाराची मालकी आहे.

हा निघून जाण्याचा अधिकार पोकळ नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियाच्या अनेक सभासदांनी जाहिरातींच्या शक्यतेला विरोध म्हणून वेगळी चूल मांडली आणि सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने नवा कोश उभारला. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार असंतुष्ट सभासदापुढे दोन वाटा असतात : बाहेर पडणे किंवा आतून आवाज उठवणे. निष्ठेमुळे तो दुसरी वाट धरतो. बहुतेक सभासद मात्र स्पॅनिश सभासदांप्रमाणे गाजावाजा करून जात नाहीत. ते मुकाट्याने लिहिणे थांबवतात. म्हणून खरा प्रश्न आवाजाच्या सोयीचा आहे.

मराठी विकिपीडियाने या सोयीसाठी योजलेले शब्द बोलके आहेत. सामूहिक चर्चेच्या पानाला तेथे ‘चावडी’ म्हणतात आणि मत नोंदविण्याला ‘कौल’. कोकण-गोव्यात कौल देवाकडे मागितला जातो; येथे तो सभासदांकडे मागितला जातो आणि त्यास कारणांची जोड अपेक्षित असते. चावडी हा शब्द मात्र आपला इतिहास सोबत घेऊन येतो. गावची चावडी सर्वांची म्हटली, तरी तिच्यावर बसण्याचा मान सर्वांना नव्हता. नव्या चावडीवर जातीचा अडसर नसला, तरी परिभाषेचा असतो. ‘प्रचालक’, ‘साचा’, ‘उल्लेखनीयता’ हे शब्द ज्याला अवगत नाहीत, त्याचे म्हणणे बरोबर असूनही हरते.

हा अडसर काल्पनिक नाही. इंग्रजी विकिपीडियातील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटत गेली. आरन हाफाकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे कारण शोधले आहे. सद्भावनेने लिहिणाऱ्या नवागतांचे पहिलेच लेखन यांत्रिक साधनांनी झटपट परतवले जाऊ लागले आणि नियम इतके घट्ट झाले की नवागताला ते बदलणे दुरापास्त झाले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, पाटबंधारे व मासेमारी यांच्या सामुदायिक व्यवस्थांवरून १९९० मध्ये काढलेला निष्कर्ष याच्याशी जुळतो : नियम ज्यांना लागू असतात त्यांचा नियम बदलण्यात वाटा असला पाहिजे, आणि शिक्षा सौम्यतेकडून कठोरतेकडे चढत गेली पाहिजे. पहिल्याच चुकीला लेखन पुसणे हा त्या क्रमाचा भंग आहे.

बेंगळुरूहून या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. भारतातील विकिमीडिया संस्था येथेच २०११ मध्ये नोंदली गेली. २०१९ मध्ये तिची मान्यता संपली. येथील सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने २०१२ पासून भारतीय भाषांतील विकिपीडियांसाठी अनुदानित कार्यक्रम चालवला. संस्थेची मान्यता गेली म्हणून कन्नड वा मराठी विकिपीडियातील लेखन थांबले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संस्था समुदायाला आधार देऊ शकते. ती समुदाय नव्हे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण २००९ नंतरच्या भाषांतर-प्रकल्पात सापडते. गूगलने मोबदला देऊन इंग्रजी लेखांची भाषांतरे कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली आदी विकिपीडियांत आणली. लेख वाढले, पण भाषांतरकार चर्चापानावर उत्तर द्यायला थांबत नव्हते आणि दोष निस्तरण्याचे काम स्थानिक सभासदांच्या गळ्यात पडले. बंगाली समुदायाने ही आवक नाकारली, तर तमिळ समुदायाने गुणवत्तेच्या अटी घालून बोलणी केली. दोन्ही निर्णय वेगळे असले, तरी त्यांतून एकच हक्क सांगितला गेला : आमच्या संहितेत काय यावे, हे आम्ही ठरवू. तुलनाकारासाठी हा भाषांतराच्या इतिहासातलाही प्रसंग आहे, कारण येथे स्वीकारणाऱ्या भाषेने देणाऱ्याशी अटींची भाषा केली.

यावरून योगदान आणि सभासदत्व यांतील भेद स्पष्ट होतो. स्पर्धा, पारितोषिके व कार्यशाळा योगदान मिळवून देतात, आणि त्यांची गरजही आहे. सभासदत्व मात्र दोन अनुभवांतून घडते : आपण अर्धवट सोडलेले वाक्य अनोळखी हाताने पुरे केलेले पाहणे, आणि आपल्या आक्षेपाने एखादा नियम बदललेला पाहणे. यांतला पहिला अनुभव मराठी विकिपीडियात सहज येतो. दुसरा यावा यासाठी चावडीची परिभाषा नवागताला समजावून देणारी माणसे लागतात. लेखांची संख्या लाखाच्या आसपास पोचली असताना खरी उणीव लेखांची नाही, राखणदारांची आहे.

एकनाथांनी दार बंद केले, कारण त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक हाताची शाश्वती त्यांना देता येत नव्हती. दार उघडे ठेवणाऱ्यांनाही ती देता येत नाही. म्हणूनच नव्याने आलेल्याशी उंबरठ्यावर बोलणे हे त्यांच्याकडे आलेले संपादनकार्यच आहे.