ऊसतोडकरी आणि उशिरां कळणारा रोग

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील अनेक वाड्या-वस्त्यांवर म्हातारीं माणसें तेवढीं मागें राहतात. कर्तीं माणसें मुकादमाची उचल घेऊन, जोडीनें कोयता धरावयास, सातारा-सांगली-कोल्हापूरकडील फडांवर येतात. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. ‘घर बंद, इसम परगांवीं’ हा शेरा कितीदां लिहिला याची गणती नाहीं. एच. आय. व्ही. ची लागण अशाच शेऱ्याआड लपून राहते. म्हणून हा विषय आमच्या बागाईतदार वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही लागण भारतांत प्रथम १९८६ सालीं चेन्नई येथें उघडकीस आली. हा विषाणु पुष्कळदां आठ-दहा वर्षें बाहेर कांहींच दाखवीत नाहीं. आंतून मात्र रोगाशीं झुंजणाऱ्या सीडी-४ पेशी नष्ट करीत जातो. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तांत त्या साधारणतः ५०० ते १५०० असतात. २०० च्या खालीं गेल्या म्हणजे क्षयासारखे रोग बळावतात. फडावर ताप आला तर खाडा पडेल म्हणून मजूर अंगावर काढतो; गांवीं परततो तों पुढील उचलीची चिंता. निदान होईपर्यंत पुष्कळदां जोडीदारासही लागण झालेली असते.

वास्तविक सरकारी रुग्णालयांत ही तपासणी विनामूल्य होते. औषधें १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळूं लागलीं, आणि २०१७ पासून पेशी कितीही असोत, निदान होतांच तीं सुरू करतात. तीं नियमित घेऊन रक्तांतील विषाणु तपासणींत न दिसण्याइतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधांतून दुसऱ्यास लागण होत नाहीं. गरोदर स्त्रीस वेळीं औषध मिळाल्यास बाळही बहुधा वांचतें. फडावर निघण्यापूर्वीं केंद्रांत कळविल्यास दुसऱ्या केंद्राकडे नोंद बदलून मिळते.

मग आम्हीं बागाईतदारांनीं काय करावें? टोळी उतरली कीं तपासणीस जाऊं इच्छिणाऱ्यास अर्धा दिवस मोकळा द्यावा, त्याबद्दल खाडा धरूं नये, आणि निकाल विचारूं नये. सक्तीच्या तपासणीस व रोगामुळें कामावरून काढण्यास १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें मनाई आहे. एकत्र काम केल्यानें, एका घागरीचें पाणी प्याल्यानें हा रोग लागत नाहीं.

हा रोग केवळ मजुरांचा, असेंही कोणीं समजूं नये. आपलींही मुलें मुंबई-पुण्यास राहतात. त्यांसही हेंच सांगावें. ऊस वेळेवर तुटला नाहीं तर उतारा घटतो, हें आपण जाणतोंच. येथें उशीर झाला तर माणूस जातो.