दिवा आणि विद्या

सौर कंदिलाचे मर्म त्याच्या बॅटरीत असते. पॅनेल दिवसा वीज निर्माण करते. रात्रीसाठी ती राखून ठेवते बॅटरी. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार पूर्ण रिती झाली, की लवकर निकामी होते. आणि गावात जाणकार नसेल, तर कंदील अडगळीत जातो. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने (स्थापना १९७२) हे ओळखून खेड्यांतील स्त्रियांनाच हे काम शिकविले. आफ्रिकेतून आलेल्या, हिंदी न जाणणाऱ्या निरक्षर आज्याही तेथे रंग व खाणाखुणांच्या आधारे सहा महिन्यांत दिवे जोडू व दुरुस्त करू लागल्या. जन्मभर शब्दांवर विसंबून शिकवीत आलेल्या माझ्यासारख्या प्राध्यापकास हा धडाच होता. दिव्यासोबत त्याची विद्याही गावात मुक्कामास राहिली पाहिजे. आपल्या गुरुजींची शिकवण तरी याहून वेगळी कोठे होती?