ओला डेक, निसटणारा पाय आणि तिकिटामागची बारीक अक्षरं

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, अगं बाई, आमची एस.टी. वेळेवर येत नाही आणि ह्या आम्हाला समुद्रातल्या बोटीवरच्या पोहण्याच्या तलावाच्या गोष्टी सांगतायत! म्हणा खुशाल. पण 2018 साली मुंबई ते गोवा ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली, 2021 पासून ‘कॉर्डेलिया’ची मोठी बोट मुंबईहून सुटू लागली, आणि तेव्हापासून सहलीच्या गप्पांत ‘एकदा त्या बोटीत बसायचं’ हे वाक्य आम्ही किती बचतगटांत ऐकलं! शिवाय गोव्यातली आणि कोकणातली कितीतरी मुलं परदेशी क्रूझवर नोकरीला आहेत. कोणी भटारखान्यात, कोणी खोल्या आवरायला, कोणी त्या तलावाकाठी टॉवेल द्यायला आणि फरशी पुसायला. म्हणजे बोट लांब असली तरी माणसं आपलीच आहेत.

क्रूझ म्हणजे पाण्यावर चालणारं हॉटेल. तिच्या सगळ्यात वरच्या उघड्या मजल्यांपैकी एकावर पोहण्याचा तलाव असतो. त्या मजल्याला डेक म्हणायचं. ह्या डेकवर पाय घसरून मनगट, खुबा, गुडघा मोडण्याचे प्रकार वारंवार घडतात आणि त्यांचे खटले अमेरिकेतल्या कोर्टांत वर्षानुवर्षं चालतात. बुडण्याची भीती सगळ्यांना वाटते, घसरण्याची कोणालाच वाटत नाही.

पाय घसरतो कसा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरलं की आपण पाय कसा टाकतो? आधी बोटं टेकवून, अंदाज घेऊन, मग भार देतो. कारण ती पायरी निसरडी आहे हे डोळ्यांना दिसतं. न्हाणीत साबणाचं पाणी सांडलेलं असलं तरी तसंच. खरा घात होतो तो कोरड्या जमिनीवरून चालता चालता अचानक ओलं लागलं की. शरीरानं कोरड्याच्या हिशेबानं पाऊल टाकलेलं असतं, टाच आधी टेकते, टाचेखालचं पाणी बाजूला सरायला वेळच मिळत नाही आणि तळवा जमिनीला न लागता पाण्याच्या पापुद्र्यावर लागतो. झालं, पाय पुढे आणि अंग मागे.

डेकवर ह्या पाण्यात आणखी भर पडते. उन्हात लोळणारे प्रवासी अंगाला तेलकट मलम लावतात, ते ओल्या पायांनी सगळीकडे पसरतं. खोबरेल सांडलेल्या फरशीवर पाणी पडल्यावर काय होतं ते आठवा. वर बोट हलत असते. शांत समुद्रातसुद्धा ती थोडी डोलते आणि तलावातलं पाणी हंड्यातल्या पाण्यासारखं हिंदकळून काठाबाहेर येतं. म्हणून तलावापासून लांबसुद्धा ओलं सापडतं. समुद्र खवळला तर तलाव रिकामा करतात किंवा वर जाळी टाकून बंद करतात. तलाव बंद दिसला तर ‘पैसे भरले आणि पोहायला देत नाहीत’ म्हणून कर्मचाऱ्यांवर चिडू नये.

जुन्या बोटींच्या डेकला सागवानी फळ्या असायच्या, अजूनही काहींना असतात. खाऱ्या पाण्यात टिकणारं असं दुसरं लाकूड कमी. पण फळ्या झिजल्या, वरून गुळगुळीत लेप बसला की तेच लाकूड दगा देतं. आता बऱ्याच ठिकाणी लाकडासारखं दिसणारं कृत्रिम साहित्य किंवा टाइल्स असतात. दिसायला सुंदर. पण चकचकीत म्हणजे चांगलं, हे आपल्या मनात कोणी भरवलं कोण जाणे! पायाखालच्या जमिनीच्या बाबतीत तरी ते खोटं आहे.

जमीन किती निसरडी आहे हे मोजता येतं, आणि हीच आजच्या बोलण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं आम्हाला वाटतं. ब्रिटनमध्ये घड्याळाच्या लंबकासारखं एक यंत्र वापरतात. त्याच्या झुलत्या हाताच्या टोकाला रबराचा तुकडा असतो. जमीन ओली करायची, हात सोडायचा, रबर जमिनीला घासून जातं. जमिनीनं त्याला किती अडवलं त्याचा आकडा मिळतो. आकडा 36 किंवा त्याहून जास्त आला तर घसरण्याचा धोका कमी, 25 च्या खाली आला तर धोका मोठा. जर्मनीची रीत आणखी गमतीची. साबणाच्या पाण्यानं भिजवलेल्या फळीवर माणूस अनवाणी उभा राहून चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. 12 अंशांपर्यंत टिकली ती एका वर्गातली, 18 पर्यंत दुसऱ्या आणि 24 पर्यंत टिकली ती सगळ्यात वरच्या. म्हणजे ‘तुमचाच पाय घसरला’ हे वाक्य अर्धंच आहे. जमीन कशी होती, हे मोजून विचारता येतं.

असंच एक प्रकरण अमेरिकेत गाजलं. 2012 साली ‘नॉर्वेजियन स्काय’ नावाच्या बोटीवर पावसानं ओल्या झालेल्या तलावाच्या डेकवर एक बाई घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. खालच्या कोर्टात त्या हरल्या. अमेरिकी कायद्यात अशा खटल्यात एक प्रश्न कळीचा असतो: धोका आहे हे कंपनीला ठाऊक होतं का, किंवा ठाऊक असायला हवं होतं का? ठाऊक नव्हतं असं ठरलं तर प्रवाशाच्या हाती काही येत नाही. 2015 साली वरच्या कोर्टानं खटला पुन्हा खाली पाठवला. पाऊस पडल्यावर कर्मचारी डेकवर ‘जपून चाला’ अशा पाट्या लावत असत, ह्या पुराव्याकडे त्या कोर्टानं बोट दाखवलं. पाटी लावता, म्हणजे ओला डेक निसरडा होतो हे तुम्हाला माहीत आहे, नाही का? डेक ओला आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, मान्य. पण ओला झाल्यावर तो नेहमीच्या ओल्या जमिनीपेक्षा किती जास्त निसरडा होतो, हे पाहून कळत नाही. ते कंपनीलाच कळू शकतं.

तिकिटाची गोष्ट याहून बोचरी आहे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. तिथल्या एका जोडप्यानं गावच्या एजंटाकडून ‘कार्निव्हल’ कंपनीच्या बोटीची तिकिटं काढली. बोट लॉस एंजेलिसहून मेक्सिकोकडे गेली. भटारखाना दाखवायला प्रवाशांना फिरवत होते, तेव्हा पायपुसण्यावरून पाय सटकून बाईंना इजा झाली. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला. कंपनीनं तिकीट पुढे केलं. त्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं की कुठलाही वाद फ्लोरिडातल्याच कोर्टात चालेल. फ्लोरिडा म्हणजे देशाचं पार दुसरं टोक, आग्नेयेला! प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1991 साली निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. न्यायालयाचं म्हणणं असं की ठिकठिकाणचे प्रवासी नेणाऱ्या कंपनीनं कोर्ट एकच ठरवलं तर खर्च वाचतो आणि तिकीटही स्वस्त पडतं. नऊपैकी दोन न्यायमूर्तींना हे पटलं नाही. अक्षरं किती बारीक आहेत हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, म्हणून विरोधी निकालपत्राला त्या मजकुराची नक्कलच जोडली गेली! पैसे आधी भरलेले, तिकीट नंतर हातात आलेलं, अट त्या तिकिटावर. आम्हाला विचाराल तर त्या दोघांचंच बरोबर होतं.

पण कायदा त्या सातांचा राहिला. अमेरिकेहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींच्या तिकिटांवर आजही बहुधा ‘दावा मायामीच्या कोर्टात’ असं असतं. शिवाय तिथला कायदा कंपनीला आणखी दोन अटी घालू देतो: दुखापतीची लेखी सूचना सहा महिन्यांत द्यायची आणि दावा एका वर्षात लावायचा. नातेवाईक परदेशात असले आणि त्यांनी आपल्याला अशा सहलीला नेलं, तर घरी परतून प्लास्टर काढून मालिश करून घेईपर्यंत सहा महिने कधी गेले ते कळतही नाही.

डोक्याला मार लागला असेल तर मात्र कोर्टकचेरी नंतर. 2011 साली एक वयस्कर प्रवासी बर्म्युडाच्या धक्क्यावर पडले, डोकं आपटलं. बोटीवरच्या दवाखान्यात नर्सनं पाहिलं आणि खोलीत जाऊन पडायला सांगितलं, नीट तपासणी व्हायला फार उशीर झाला, असं घरच्यांचं म्हणणं होतं. आठवड्याभरात ते गेले. बोटीवरच्या डॉक्टर-नर्सच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही, असं तोवर अमेरिकेतली बरीच कोर्टं मानत. ह्याच खटल्यात 2014 साली वरच्या कोर्टानं ते मोडीत काढलं. डोकं आपटल्यावर उलटी झाली, झापड येऊ लागली, बोलणं अडखळलं, डोकेदुखी वाढत गेली, तर ‘झोपली की बरं वाटेल’ म्हणून सोडू नका. बोटीवर काय आणि गोठ्यात काय.

आता आपल्याकडचं. आपला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा ह्या बाबतीत बाईच्या बाजूचा आहे. तक्रार करणारी जिथं राहते किंवा काम करते, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तिला तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. विचारपूस करायची तर 1915 हा ग्राहकांसाठीचा सरकारी फोन नंबर आहे. परदेशी कंपनीनं परदेशात विकलेल्या तिकिटाला हे सगळं सरसकट लागू पडेल असं धरून मात्र चालू नका. आपल्या गावच्या एजंटाकडे पैसे भरलेले असतील तर त्याची पावती आणि तिकिटाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स जपून ठेवा.

कोणी पडलंच, तर आपल्या बायका काय करतात? लाजतात. आधी पदर सावरतात, हसतात, ‘काही नाही, काही नाही’ म्हणत उठतात आणि संध्याकाळी मनगट सुजतं. उठायची घाई करू नका. सोबतच्या बाईनं त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढावा: पाणी कुठं होतं, पाटी होती का, पायात काय होतं. दहा मिनिटांत कोणीतरी येऊन पुसून जाईल आणि मग दाखवायला काही उरणार नाही. बोटीवर अपघाताची नोंद लिहून घेतात, ती वाचून मगच सही करा. इंग्रजी येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा आणि ‘माझ्या चुकीनं पडले’ असं वाक्य कोणी त्यात घातलंय का ते विचारा. पाहिलेल्या दोघीतिघींची नावं लिहून ठेवा.

पायात रबरी तळाची, मागून पट्टा असलेली चप्पल हवी. झिजलेली स्लीपर नको, आणि ओल्या डेकवर नऊवारी काय, गाऊनसुद्धा घोट्याच्या वरच असावा. जिन्यात एक हात कायम कठड्यावर. लहान मुलं सोबत असतील तर तलावाकाठी जीवरक्षक आहे का ते आधी बघा. कितीतरी बोटींवर वर्षानुवर्षं तो नसायचाच, नुसती ‘आपल्या जबाबदारीवर पोहा’ अशी पाटी. आणि बोट सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना गोळा करून संकटात कुठं जमायचं ते सांगतात, तेव्हा फोटो काढत बसू नका. 2012 साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून 32 माणसं गेली. नुकतेच चढलेले कितीतरी प्रवासी तेव्हा ह्या माहितीविनाच होते, कारण ती 24 तासांत दिली तरी चालत असे. 2015 पासून नियम बदलला, आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच ती द्यावी लागते. भोंग्याचे सात छोटे आवाज आणि मग एक लांब आवाज आला की सांगितलेल्या जागी जमायचं.

ज्यांची मुलं बोटीवर आहेत त्यांच्यासाठी एक. पाण्याची नोंद, पुसल्याची वेळ, पाटी लावल्याची वेळ, हे कोर्टात पुरावा म्हणून निघतं. त्यामुळे कोणी पडलं की पहिलं बोट बहुधा मॉप हातात असलेल्या मुलाकडे वळतं, डेकला कुठला लेप लावायचा हे ठरवणाऱ्या साहेबाकडे नाही. मुलाचा फोन आला की जेवलास का विचारतोच आपण. त्यासोबत सांगा, निसरडी जागा दिसली की वरिष्ठांना तोंडी सांगून थांबू नकोस, तारीख-वेळ घालून लिहून दे आणि एक प्रत आपल्याजवळ ठेव.