किल्ल्यांचा नवा जुडगा

जोयडा तालुक्यातील आमच्या कोणत्याही ख्रिस्ती घरी जावे, तर वेदीच्या फळीमागे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही हमखास सापडते. बाप्तिस्म्याचा दाखला, शिधापत्रिका, जमिनीचा उतारा आणि बँकेचे पासबुक ही मंडळी तीत गुण्यागोविंदाने नांदत असतात. अलीकडे त्या वहीच्या शेवटच्या पानावर घरातील शिकलेल्या मुलाच्या अक्षरात आणखी काही ओळी दिसू लागल्या आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा पासवर्ड, रेल्वेच्या तिकिटाचा पासवर्ड, ई-मेलचा पासवर्ड. बहुधा तिन्ही ओळींत एकच शब्द असतो: धाकट्या मुलीचे नाव आणि त्यापुढे १२३.

या वहीची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. कागदावर लिहिलेला शब्द चोरण्यासाठी चोराला काळी नदीकाठचे रान तुडवून आपल्या अंगणात यावे लागेल, आणि अंगणात कुत्रा आहे. खोट आहे ती एकच शब्द सर्वत्र वापरण्यात. एखाद्या लहानशा दुकानाच्या संकेतस्थळावरून हजारो लोकांची नावे व पासवर्ड चोरीस गेले, म्हणजे चोर त्या दुकानात थांबत नाही. तीच नावे व तेच शब्द घेऊन तो ई-मेलच्या, बँकेच्या, सरकारी कचेरीच्या दारावर एकामागून एक लावून पाहतो. हे काम यंत्र करते, म्हणून त्यास कंटाळा येत नाही. साडीच्या दुकानात हरवलेली किल्ली घराच्या कुलपास लागावी, तसा हा प्रकार आहे.

परवलीचा शब्द ही कल्पना आपल्याला नवी नाही. गडाच्या दरवाजावर रात्री पहारेकऱ्याला तो सांगावा लागे. संगणकावर मात्र ती आली १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात एकच संगणक अनेकांनी वाटून वापरावयाचा होता. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळीने प्रत्येकास एकेक गुप्त शब्द दिला. ती युक्ती फार दिवस अभेद्य राहिली नाही. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या शब्दांची यादीच छापून घेतली. पुढे १९६६ साली तर दोन फायलींची अदलाबदल होऊन, सकाळी जो कोणी संगणक उघडी त्यास दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड वाचावयास मिळू लागले! कॉर्बाटो २०१९ साली वारले. म्हातारपणी ते स्वतःच आपले पासवर्ड कागदावर टिपून ठेवीत, हे वाचल्यावर आमच्या वहीविषयीचा माझा आदर वाढला.

नंतरच्या काळात या शब्दांचे नियम वाढत गेले. एक मोठे अक्षर हवे, एक आकडा हवा, एखादे चिन्ह हवे आणि दर तीन महिन्यांनी शब्द बदलावयास हवा. या धर्तीचे नियम अमेरिकेच्या मानक-संस्थेच्या मार्गदर्शिकेमुळे जगभर पसरले. माणसे कंटाळली आणि १२३ च्या जागी १२४ लिहू लागली. २०१७ साली त्याच संस्थेने विनाकारण शब्द बदलावयास लावण्याची ती सक्ती सोडून दिली आणि लांबलचक शब्दांवर भर दिला. आपल्याकडील कित्येक संकेतस्थळांस मात्र ही वार्ता अद्याप पोहोचलेली दिसत नाही.

मनुष्याच्या स्मरणशक्तीस शंभर निरनिराळे शब्द झेपत नाहीत, हे ओळखून पासवर्ड सांभाळणारी साधने निघाली. १९९७ साली ब्रूस श्नायर यांनी ‘पासवर्ड सेफ’ तयार केले. २००३ साली ‘कीपास’ निघाले. २०१६ साली ‘बिटवॉर्डन’. आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीचेही असे एक साधन आहे. या सर्वांची मूळ युक्ती एकच. तुमचे सर्व शब्द एका पेटीत असतात आणि पेटीस एकच मोठी किल्ली असते. ती तेवढी तुम्ही पाठ करावयाची. पेटीतील मजकूर तुमच्याच यंत्रावर सांकेतिक लिपीत गुंडाळला जातो. तो कंपनीकडे ठेवला, तरी तेथे जाते ती बंद पेटी. मोठी किल्ली कंपनीलाही ठाऊक नसते, म्हणून विसरलात तर ती तुम्हांस कोणी सांगूही शकत नाही.

या पेटीचा एक हात ब्राउझरमध्ये असतो, त्यास एक्स्टेन्शन म्हणतात. ब्राउझरच्या कोपऱ्यात हे बारीकसे चिन्ह बसून राहते आणि आपण बँकेच्या पानावर गेलो, की पत्ता पाहून योग्य तो शब्द पुढे करते. त्याची खरी योग्यता वेगळीच आहे. खोट्या बँकेचे पान खऱ्यासारखेच रंगविलेले असले, तर तुमचे-माझे डोळे फसतात. एक्स्टेन्शन रंग पाहत नाही, पत्त्याची अक्षरे पाहते. एक अक्षर जरी इकडचे तिकडे असले, तरी ते गप्प बसते. ते गप्प बसले म्हणजे आपणही हात आवरून घ्यावा आणि पत्ता पुन्हा वाचावा.

मी स्वतः असे एक साधन काही वर्षे वापरीत होतो. त्याचे नाव सांगत नाही. फुकटाची सोय कंपनीने आखडती घेतली, तो तिचा अधिकार होता. असे पुष्कळदा घडते. फायरफॉक्सचे ‘लॉकवाइज’ २०२१ च्या अखेरीस बंद झाले. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑथेंटिकेटर’ने २०२५ च्या ऑगस्टपासून साठविलेले पासवर्ड देणे थांबविले. याहून गंभीर गोष्ट ‘लास्टपास’ची. २०२२ साली तेथून ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रतीच चोरीस गेल्या. पेट्या बंद होत्या हे खरे. परंतु कोणकोणत्या संकेतस्थळांच्या किल्ल्या आत आहेत हे बाहेरून वाचता येत होते, आणि ज्यांची मोठी किल्ली दुबळी होती त्यांच्या पेटीवर चोरास निवांतपणे घाव घालीत बसता येत होते. तेव्हा बिऱ्हाड बदलण्याची तयारी प्रत्येकाने ठेवावी.

मी बिटवॉर्डन निवडले. ते अनेक यंत्रांवर विनामूल्य चालते आणि त्याची घडण जाणकारांस तपासण्यासाठी खुली आहे. बदलण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. जुन्या पेटीतून सर्व शब्दांची एक फाईल बाहेर काढावयाची आणि ती नव्या पेटीत भरावयाची. धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणकावर एका रात्री मी हे काम अर्ध्या तासात उरकले. १४३ नोंदी बिनबोभाट नव्या पेटीत गेल्या. मी समाधानाने दिवा मालविला.

नवव्या दिवशी आमच्या गायनवृंदातील एक मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आपली गुणपत्रिका छापावयास आली. ती मिळेना म्हणून तिने ‘डाउनलोड्स’चा कप्पा उघडला आणि दारात येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “फादर, ही फाईल कोणाची? तुमच्या बँकेचे नाव दिसले म्हणून मी लगेच मिटली.”

त्या फाईलला कुलूप नव्हते. ती बाहेर काढताना सर्व शब्द साध्या अक्षरांत, नाव, पत्ता आणि पासवर्ड अशा ओळींनी मांडले जातात. हे संगणकाने मला त्या रात्री बजावलेही होते, आणि मी न वाचता ‘होय’ म्हटले होते. माझे एकट्याचे शब्द असते तर गोष्ट निराळी. त्यांत शाळेच्या खात्याचा शब्द होता, ज्यामागे मुलांची नावे व जन्मतारखा आहेत. आमच्या बायकांच्या बचतगटाच्या ई-मेलचाही शब्द होता. “फादर, तुमच्याकडे राहू द्या, आमच्याकडे हरवेल,” असे म्हणून त्यांनीच तो माझ्या हवाली केला होता. त्या मावश्या काजू आणि कंद विकून महिन्याला पैसे टाकतात.

त्या नऊ दिवसांत त्या संगणकावर निदान दहा-बारा जण बसून गेले होते. एकेकास बोलावून विचारावे, असे क्षणभर मनात आले. परंतु असा प्रश्न विचारणे म्हणजेच आरोप करणे. मी कोणासही विचारले नाही. फाईल पुसली, कचऱ्याच्या पेटीतूनही पुसली, ती आपोआप दुसरीकडे साठविली गेली आहे काय तेही पाहिले, आणि सर्व महत्त्वाचे शब्द बदलावयास बसलो. प्रथम ई-मेल, कारण ती हाती आली की इतर सर्व दारे तिच्याद्वारे उघडतात. मग बँक, मग शाळा, मग बचतगट.

हे काम तीन रात्री चालले. आमच्या निवासात मोबाइलची लाट पोहोचत नाही; ती मिळते फणसाच्या झाडाखाली, तीही वाऱ्याच्या मर्जीने. शब्द बदलावयाचा तर ओटीपी हवा. तो घेण्यासाठी विजेरी घेऊन मी फणसाखाली धावावयाचा आणि आकडे घोकत परत यावयाचा, तोवर बहुधा मुदत संपलेली असे. दुसऱ्या रात्री वीज गेली. शेवटी त्याच मुलीच्या भावाने फणसाखाली उभे राहून आकडे मोठ्याने ओरडून सांगितले. ही रीत सुरक्षित नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्या वेळी ऐकावयास रातकिड्यांवाचून कोणी नव्हते.

एक घोटाळा आणखी झाला. जुने एक्स्टेन्शन मी काढलेच नव्हते. नवा शब्द लिहिताच जुने आणि नवे दोन्ही पुढे सरसावून “मी ठेवू काय?” असे विचारीत, आणि घाईत चार नवे शब्द जुन्या पेटीत जाऊन पडले. त्याच दिवशी जुने खाते बंद केले असते, तर ते चारही शब्द कायमचे गेले असते. म्हणून वाचकांपैकी जे कोणी हा बदल करतील, त्यांस क्रम सांगून ठेवतो. जुने एक्स्टेन्शन आधी काढावे, ब्राउझरची स्वतःची शब्द ठेवण्याची सोयही बंद करावी. परंतु जुने खाते मात्र महिनाभर तसेच राहू द्यावे. नव्या पेटीतून पाच-सहा ठिकाणी प्रत्यक्ष शिरून पाहावे. फाईल त्याच बैठकीत पुसावी. आणि दुकानातील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर हे काम मुळीच करू नये. पैशाची फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

मोठी किल्ली कशी निवडावी, हा प्रश्न त्या मुलीनेच विचारला. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली सुचविलेली फाशांची रीत मला उत्तम वाटते. ७,७७६ शब्दांची यादी असते; फासा पाच वेळा टाकावयाचा आणि जो क्रमांक येईल त्यापुढील शब्द घ्यावयाचा. असे पाच शब्द एकापुढे एक लिहिले, की शक्य जोड्यांची संख्या २८ वर १८ शून्ये इतकी होते. शब्द आपण मनाने निवडू नयेत. मन नेहमी मुलांच्या नावाकडे आणि गावाकडेच वळते. किल्ली रोमन अक्षरांत लिहावी. देवनागरीचे कळफलक फोनवर एक आणि संगणकावर दुसरे असतात, आणि दिसावयास सारखे अक्षर यंत्रास निराळे वाटू शकते.

एक गोष्ट मात्र मला या सर्वांहून अधिक छळीत होती. मागे आमच्या एका कुटुंबातील मुलगा गोव्यात नोकरीस असता अपघातात गेला. त्याच्या विम्याची आणि भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे ई-मेलमध्ये होती, आणि ई-मेलची किल्ली त्याच्याबरोबर गेली. आईने त्याच्या वाढदिवसाचे, बहिणीच्या नावाचे, कुत्र्याच्या नावाचे सारे शब्द लावून पाहिले. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे पाही. मार्ग पुढे निघाला, पण त्यास कित्येक महिने आणि कितीतरी शपथपत्रे लागली.

माझी पेटी मजबूत झाली, तसा हाच प्रश्न माझ्याकडेही आला. धर्मगुरूंची बदली होते, आणि धर्मगुरूही मर्त्य असतात. मी येथे आलो तेव्हा माझ्या पूर्वीच्या फादरांनी सर्व शब्द डोक्यात ठेवलेले होते, आणि पहिले दोन महिने मी त्यांना रात्री-अपरात्री फोन करीत असे. काही साधनांत विश्वासू माणसास ठरावीक मुदतीनंतर पेटी उघडू देण्याची सोय असते. गूगलनेही २०१३ पासून, खाते दीर्घकाळ निपचित पडल्यास ते कोणाच्या हाती द्यावे, हे आधी नेमून ठेवण्याची व्यवस्था केली आहे. आमच्या जुन्या धर्मसंहितेत, म्हणजे १९१७ च्या, बिशपांच्या गुप्त दप्तरखान्यास दोन निरनिराळ्या किल्ल्या असाव्यात आणि त्या दोघांकडे असाव्यात, असा नियम होता. १९८३ च्या संहितेने किल्ली एकट्या बिशपांच्या हाती ठेवली. मला या बाबतीत जुना नियम अधिक सोयीचा वाटला.

म्हणून धर्मग्रामाचे शब्द मी माझ्या पेटीतून काढून वेगळ्या पेटीत ठेवले. तिची पाच शब्दांची किल्ली दोन कागदांवर विभागून लिहिली आहे. तीन शब्द कार्यालयाच्या तिजोरीत मोहोरबंद पाकिटात आहेत, उरलेले दोन तालुक्याबाहेरील एका सहधर्मगुरूंकडे. बचतगटाची किल्ली मी परत केली. मावश्यांनी ओसरीवर बसून स्वतः फासे टाकले, आलेले शब्द वाचून पोटभर हसल्या, आणि मी ते पाहावयास गेलो तेव्हा त्यांतील थोरल्या मावशीने पदराखाली कागद लपवून मला बाहेर जावयास सांगितले.