सज्जनांच्या घरातलं भय

जॉर्डन पीलच्या 'गेट आऊट'मध्ये (2017) भय भुताखेतांचं नाही. कृष्णवर्णीय तरुणाला घरी बोलावणारं गोरं कुटुंब शिकलेलं आणि अगत्यशील आहे. ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिलं असतं, असं मुलीचे वडील आवर्जून सांगतात. त्याच घराच्या हिरवळीवर पाहुणे बिंगोची कार्डं हातात धरून, अवाक्षर न काढता त्या तरुणाच्या देहाची बोली लावतात. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया आदिवासींसारख्या माणसांकडे आपला सिनेमा चार दशकं कसा पाहत आला, हे तपासताना मला हीच कसोटी लावावीशी वाटते: भल्या माणसाला तो जाब विचारतो का?

गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'ने (1980) तो विचारला. पटकथा विजय तेंडुलकरांची. बायकोच्या खुनाचा खोटा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू तोंड उघडत नाही आणि त्याचा वकील भास्कर कुलकर्णी त्या मौनापुढे हतबल होतो. वडिलांच्या अंत्यविधीला आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलून बहिणीलाच मारतो, कारण बायकोवर जे ओढवलं ते तिच्यावरही ओढवणार, याची त्याला खात्री आहे. भास्करच्या सचोटीने तिला वाचवलं नाही. 'आक्रोश'ला कुणी भयपट म्हटलं नाही, पण आपल्याकडे 'गेट आऊट'च्या सर्वांत जवळ तोच जातो. पुढे ही धार बोथट झाली. समृद्धी पोरे यांचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रियल हिरो' (2014) थेट भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाचा, तरी कथा बाहेरून आलेल्या कुटुंबाच्या त्यागाची. अमित मसुरकरांच्या 'न्यूटन'मध्ये (2017) दंडकारण्यातल्या गावकऱ्यांना मतदानासाठी हाकून आणलं जातं. नियमाला जागणाऱ्या निवडणूक अधिकारी न्यूटनला जंगल कळत नाही, हे स्थानिक शिक्षिका मालको त्याला सुनावते. तरी पडदा अखेर त्याच्याच जिद्दीचा राहतो.

आमटेंचा हेमलकशातला दवाखाना 1973पासून खरोखर माणसं जगवत आला, मग हा आक्षेप कृतघ्नपणाचा नाही का? नाही. दवाखान्याचं मोल निर्विवाद आहे; प्रश्न आहे तो प्रेक्षकाला त्या त्यागाकडे पाहून मिळणाऱ्या सुटकेचा. टाळ्या वाजवल्या की आपला हिशेब चुकता झाला, असं त्याला वाटतं. 'गेट आऊट'मागची अमेरिकेतली गुलामगिरी वेगळी, तिचा इथे काय संबंध, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतिहास वेगळा आहेच. पण जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे 2006च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य केलेलं आहे, आणि तो अन्याय दरोडेखोरांनी केलेला नव्हता. नकाशे आखणारे, नियम लिहिणारे, जंगलाच्या भल्यासाठीच हे करतो असं मानणारे सुशिक्षित लोक त्यात होते. मराठी पडद्यावर त्यांच्याच दिवाणखान्यातून सुरू होणारा भयपट मला हवा आहे.