क्वीन्समधील टांगाइल

२०२५ च्या डिसेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत टांगाइलच्या साडीविणकामाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली, ती बांगलादेशाच्या नावाने झाली, आणि त्यामुळे २०२४ च्या जानेवारीत पश्चिम बंगालच्या टांगाइलला मिळालेले भौगोलिक मानांकन व त्यावर पुढच्याच महिन्यात ढाक्याने दिलेले प्रत्युत्तर यांचा जुना तंटा पुन्हा वर आला, हे वर्तमान वाचकांना ठाऊक आहेच. फाळणीनंतर आणि पुन्हा १९७१ च्या सुमारास आज बांगलादेशात असलेल्या टांगाइलकडचे बसाक विणकर आपले कसब घेऊन नदिया जिल्ह्यातील फुलियाला आणि बर्धमानकडील समुद्रगडला आले, तेव्हा साडी कोणाची याचा निवाडा नकाशावर बोट ठेवून होण्यासारखा नाही, एवढे म्हटले की या वादाचे सार संपते. परंतु या साऱ्या कज्ज्यात मागावर बसणाऱ्याचा, मंत्र्याचा, वकिलाचा जबाब नोंदला गेला. साडी नेसणारीचा जबाब घेण्याची तजवीज मात्र कोणी केली नाही. ज्या तरुणीला साडी नेसण्याची कोणतीही सक्ती नाही आणि तरीही जी ती हौसेने नेसते, अशा नेसणारीचा शोध घ्यावा म्हणून मी ढाका आणि कोलकाता दोन्ही मागे टाकून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागाकडे वळते.

आमच्या स्नेहातील एका बंगाली कुटुंबाची कन्या तेथे राहते. तिचा जन्म न्यूयॉर्कचाच. नोकरी एका रुग्णालयाच्या हिशेबखात्यात. आजोळ मूळचे टांगाइलचे, पण फुलियाला येऊन स्थिरावलेले. तिची जिवाभावाची मैत्रीण क्वीन्समधल्याच जमैका वस्तीतील हिलसाइड अॅव्हेन्यूवर राहणाऱ्या बांगलादेशी मुसलमान कुटुंबातील आहे. आमच्या स्नेह्यांच्या या कन्येच्या कपाटात काळ्या विजारी, करड्या रंगाचे दोन ओव्हरकोट आणि थंडीचे बूट यांच्या शेजारी, वरच्या फळीवर, जुन्या मलमलीत गुंडाळलेल्या दोन टांगाइल साड्या आहेत: एक फुलियाची, दुसरी टांगाइलजवळच्या पाथराइल गावची. फुलियाची इतक्या वेळा धुतलेली, की तिचा पोत हाताला जवळजवळ लागतच नाही. पाथराइलची कोरी, लाह्यांची खळ दिलेली, घडी उलगडताना सळसळणारी. काठ दोन्हींचे निराळे, पण अंगभर पसरलेल्या बुट्ट्या त्याच हिशेबाने हाताने भरलेल्या: बाण्यात जादा धागा घालून, एकेक बुट्टी मोजून. यांतली कोणत्या देशाची कोणती, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “माशी, ही दिदिमाची आणि ती माझ्या मैत्रिणीच्या आईची.” (माशी म्हणजे मावशी, दिदिमा म्हणजे आईची आई.) युनेस्कोच्या दप्तरात नसलेला तो जबाब मी येथे जसाच्या तसा दाखल करते.

नेसण्याची तिची रीत पाहण्यासारखी आहे. खळीच्या साडीच्या निऱ्या बसत नाहीत, हे आपल्याकडच्या इरकली आणि नारायणपेठी नेसणाऱ्या स्त्रियांनाही ठाऊक आहे. ही मुलगी पलंगाच्या कडेवर निऱ्या घालते, कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याने त्या धरून ठेवते आणि केस सरळ करण्याच्या विजेच्या चिमट्याने एकेक निरी दाबत खाली जाते. ही युक्ती तिला आईने शिकवलेली नाही. ती तिच्या पिढीने आपसांत शिकून घेतली आहे. पोलक्याच्या जागी काळा लोकरी स्वेटर, पायांत बूट, कपाळावर मोठी लाल टिकली, आणि वर ओव्हरकोट, ज्याच्या खालून चार बोटे काठ दिसत राहतो, अशा वेषात ती भुयारी रेल्वेने प्रवास करते.

तिचा साडी नेसण्याचा शिरस्ता हवामानावर ठरत नाही, पंचांगावर ठरतो, आणि त्यातच या विषयाचे खरे सौंदर्य आहे असे मला वाटते. फाल्गुनाचा पहिला दिवस बंगालमध्ये वसंताचा. त्या दिवशी बसंती रंगाची साडी आणि केसांत झेंडू. बांगलादेशाने आपल्या पंचांगात अलीकडे जी दुरुस्ती केली, तिच्यामुळे २०२० पासून हा दिवस १४ फेब्रुवारीलाच येतो, म्हणजे न्यूयॉर्कात बर्फाच्या ऐन दिवसांत. तरीही पिवळी साडी निघते, आणि व्हॅलेंटाइनची गुलाबफुले व फाल्गुनाचा झेंडू एकाच सायंकाळी एकाच हातात येतात. त्यानंतर आठवडाभरातच २१ फेब्रुवारी: १९५२ साली भाषेसाठी ढाक्यात प्राण देणाऱ्यांचा दिवस; त्या दिवशी पांढरी साडी काळ्या काठाची, आणि अनवाणी पायांनी तात्पुरत्या शहीदमिनारापुढे फुले वाहण्याचा रिवाज. एप्रिलच्या मध्याला वैशाख, म्हणजे पांढऱ्या अंगावर लाल काठ. शरदात दुर्गापूजा, आणि अष्टमीच्या अंजलीला दिदिमाची टांगाइल. तिच्या मैत्रिणीच्या घरी यांत ईदची भर पडते. तेथे साडीपेक्षा ज्याला बांगलादेशी बायका ‘थ्री-पीस’ म्हणतात त्या सलवार-कमीज-ओढणीला मान अधिक, आणि हिजाबचा रंग ओढणीच्या कोणत्या फुलाशी जुळवावा, यावर दोघी मैत्रिणी तासभर चर्चा करू शकतात. त्या तासाला मी वेळेचा अपव्यय म्हणणार नाही. रंगाची पारख ही विद्या आहे, आणि ती अशाच तासांतून पुढच्या पिढीच्या हाती जाते.

शनिवारी दुपारी दोघी जॅक्सन हाइट्सला जातात. तेथील ७३ व्या रस्त्याच्या एका भागाला २०२३ च्या मार्चपासून ‘बांगलादेश स्ट्रीट’ असे अधिकृत नाव आहे. किराणा दुकानाच्या मागच्या अंगाला बर्फात गोठवलेला इलिश मासा विजेच्या करवतीवर कापला जातो आणि गिऱ्हाईक पोटाकडचा तुकडा हवा की पाठीकडचा हे ओरडून सांगते. दोघींपैकी एकीला अंड्यांनी भरलेला मासा हवा असतो, दुसरी म्हणते की अंडी आली की मांसाची चव गेली. मग रस्त्यावर फुचका: आत बटाटा आणि वाटाणे, वरून किसलेले उकडलेले अंडे, शेजारी वाटीत चिंचेचे आंबट पाणी. मुंबईच्या पाणीपुरीवर वाढलेल्या जिभेला अंड्याचा तो कीस प्रथम चमत्कारिक वाटतो; दुसऱ्या घासाला तो पटतो. शेवटी काचेच्या बांगड्या आणि टिकल्यांचे एक पाकीट. जेवणाच्या डब्यापेक्षा कमी पैशांत मिळणारे हे सुख आठवडाभर पुरते.

या पोशाखात एक धागा आपल्याकडचाही आहे, आणि तो महाराष्ट्रातील वाचकांपुढे ठेवताना मला आनंद होतो. सत्येंद्रनाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू आणि सनदी सेवेतील पहिले हिंदी अधिकारी, १८६४ मध्ये मुंबई इलाख्यात रुजू झाले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांना कलकत्त्यातील जोडासाँकोच्या ठाकूरवाड्याच्या अंतःपुरातून बाहेर पडायचे, तर घालायचे काय, हाच पहिला प्रश्न होता. कारण बंगाली घरात स्त्रिया नुसती साडी गुंडाळत, आणि ती वस्त्रे बाहेरच्या जगात चालण्यासारखी नव्हती. एका फ्रेंच दुकानातून करवून घेतलेला पोशाख इतका अवघड निघाला, की तो त्यांना एकटीने घालताही येईना. मुंबईत माणेकजी करसेटजींच्या घरी राहिल्यावर त्यांनी पारशी स्त्रियांची नेसण पाहिली, उजवा हात मोकळा राहावा म्हणून पदर डाव्या खांद्यावर घेतला, आत झंपर आणि परकर घातला, आणि ही रीत कलकत्त्याला नेऊन ‘बामाबोधिनी पत्रिके’त जाहिरात दिली, की ज्यांना शिकायचे असेल त्यांना शिकवू. बंगालने त्या नेसणीला ‘बोंबाई दस्तूर’ म्हटले. सत्येंद्रनाथ पुढे साताऱ्याला न्यायाधीश असताना सेवानिवृत्त झाले आणि तुकोबांच्या अभंगांचे त्यांनी बंगालीत भाषांतर केले, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्या पत्नीने आपल्याच मुंबईतून नेलेली वस्तू आज कोट्यवधी स्त्रियांच्या अंगावर आहे, तिचा उल्लेख आपण क्वचितच करतो. क्वीन्समधील ती मुलगी डाव्या खांद्यावर पदर टाकते, तेव्हा मुंबईतील त्या पारशी घराचा वाटा तिच्या पोशाखात असतो.

आता ज्या संशोधकाने माझा या विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन पालटला, त्याच्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. बंगाली माणसाचा अमेरिकेतील इतिहास १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांपासून सुरू होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विवेक बाल्ड यांनी ती मोडीत काढली. २०१३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या ‘बेंगाली हार्लेम’ या ग्रंथात त्यांनी जहाजांच्या उतारूंच्या याद्या, खानेसुमारीची बाडे आणि विवाहनोंदीची दफ्तरे चाळून असे दाखवले, की १८८० च्या दशकापासून हुगळी जिल्ह्यातील मुसलमान फेरीवाले चिकनकाम केलेले रुमाल, चादरी आणि उशांचे अभ्रे यांची गाठोडी घेऊन न्यू जर्सीच्या समुद्रकाठी येत होते. अॅझबरी पार्क, लाँग ब्रँच, अटलांटिक सिटी ही तेव्हाची धनिकांची हवा खाण्याची ठिकाणे. पौर्वात्य वस्तूंचे वेड अमेरिकन मध्यमवर्गीय स्त्रियांत शिगेला पोचलेले. उन्हाळा तेथे काढून हे फेरीवाले हिवाळ्यात दक्षिणेकडे, न्यू ऑर्लिन्सपर्यंत उतरत. १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांच्यातील एका जथ्याला न्यूयॉर्क बंदरात अडवून, कंत्राटी मजुरांविरुद्धच्या कायद्याचा आधार घेऊन, परत पाठवण्यात आले. तरीही कित्येक जण टिकले, न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे वस्तीत कृष्णवर्णीय स्त्रियांशी विवाह करून नांदले. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या बहुतेक मुलुखाला दार बंद केल्यानंतरही ब्रिटिश आगबोटींच्या भट्टीवर राबणारे खलाशी बंदरात उतरून शहरात मिसळत राहिले आणि हार्लेममध्ये प्वेर्तो रिकन व कृष्णवर्णीय कुटुंबांत त्यांचे संसार उभे राहिले. नोआखालीहून आलेल्या हबीब उल्ला यांच्या पुत्राला, अलाउद्दीन उल्ला यांना, सोबत घेऊन बाल्ड यांनी २०२२ मध्ये याच शोधावर एक माहितीपटही पूर्ण केला.

या इतिहासातले मला सर्वांत बोचणारे सत्य असे, की अमेरिकेत बंगालचे कापड आले, कापड विकणारा पुरुष आला, आणि ते कापड भरतकामाने सजवणारी बाई मात्र हुगळीच्या खेड्यातच राहिली. तिने टाचलेले फूल अटलांटिक सिटीच्या दिवाणखान्यात पोचले. ती स्वतः पोचली नाही. बंगाली स्त्री मोठ्या संख्येने तेथे येण्यास १९६५ चा कायदा व्हावा लागला, आणि कामकरी बांगलादेशी कुटुंबांना तर १९९० च्या कायद्याने सुरू झालेल्या व्हिसाच्या सोडतीपर्यंत थांबावे लागले. १९६७ साली लंडनमध्ये जन्मलेल्या आणि ऱ्होड आयलंडमध्ये वाढलेल्या झुंपा लाहिरींनी ‘द क्लोदिंग ऑफ बुक्स’ या छोट्या पुस्तकात लिहिले आहे, की कलकत्त्यातील भावंडांच्या शाळेचा गणवेश पाहून त्यांना हेवा वाटे. काय घालावे या प्रश्नातून गणवेशाने त्यांची सुटका केली असती. त्या पिढीला पोशाख हे ओझे होते, कारण वर्गात त्या एकट्या होत्या. आजच्या मुलीला शनिवारी फुचका खायला सोबतीण आहे, रस्त्याला नाव आहे, क्वीन्सच्या मतपत्रिकेवर २०१३ पासून बंगाली लिपी आहे. एकटेपणा सरला की ओझ्याची हौस होते. ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली पिढी’ हे जे वाक्य आपल्याकडील वृत्तपत्रे परदेशस्थ मुलांविषयी लिहितात, ते या मुलीला लागू पडत नाही. मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात नऊवारी नेसून लेझीम खेळणाऱ्या न्यू जर्सीच्या मुलींनाही ते लागू पडते असे मला वाटत नाही.

क्वीन्समधील त्या मुलीच्या कपाटात आणखी एक बंगाल आहे. कामावर जाताना ती जे सदरे घालते, त्यांच्या मानेमागच्या पट्टीवर पुष्कळदा ‘मेड इन बांगलादेश’ असते. तेथील तयार कपड्यांच्या धंद्यात सुमारे चाळीस लाख माणसे राबतात, त्यांत स्त्रियांचे प्रमाण अर्ध्याहून अधिक, आणि अनेकजणी तिच्याच वयाच्या. २४ एप्रिल २०१३ रोजी सावरची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, तेव्हा ती शाळेत होती. तिच्या मैत्रिणीच्या आईने त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक कपड्याची पट्टी उलटून पाहिली होती, हे दोघींना अजून आठवते. म्हणून ती सदरे कमी घेते, फाटेपर्यंत वापरते, आणि वाचलेल्या पैशांतून वर्षाकाठी एक हातमागाची साडी घेते. यंत्रमागावरची नक्कल ओळखायची तर साडी उलटी करून बुट्टीमागचे धागे पाहावेत, हे तिला दिदिमाने फोनवरून शिकवले.

पण ही एक साडी घेणेही आता सोपे राहिलेले नाही. आठशे डॉलरांपर्यंतच्या टपाली मालाला अमेरिकेत असलेली जकातमाफी २०२५ च्या ऑगस्टअखेर रद्द झाली. भारतीय टपालखात्याने तर त्या सुमारास अमेरिकेची पार्सले घेणेच काही आठवडे थांबवले होते. फुलियाचा विणकर एकेक साडी कापडी पाकिटात शिवून पाठवी, त्याला आता जकातीच्या कागदांसाठी दलाल गाठावा लागतो. साडी मग येते ती आत्या-मावश्यांच्या सामानातून, विमानकंपनीच्या वजनाच्या हिशेबात बसली तर. वारशाच्या यादीत नाव घालण्यासाठी ज्या चिकाटीने कागद रंगवले गेले, त्याच्या दशांश चिकाटीने जर हातमागाच्या सुट्या साडीला टपालाने जाण्याची सवलत मागितली गेली, तर पाथराइल आणि फुलिया या दोन्ही गावांचा त्यात सारखाच लाभ आहे, आणि निदान त्या एका अर्जावर ढाका व दिल्ली या दोघांनाही सही करण्यास हरकत नसावी.